माळरानावरच्या पक्ष्यांची शास्त्रशुद्ध गणना: नाशिकच्या पूर्व तालुक्यांसाठी मार्गदर्शन

नाशिक जिल्ह्यात पाऊस पूर्वेकडे झपाट्याने ओसरत जातो. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सिन्नर, येवला, नांदगाव या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत तो ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. या कोरड्या पट्ट्यात गवताळ माळ, मुरमाड टेकड्या आणि बोर-हिवराची विरळ झुडपे हेच नैसर्गिक वन आहे. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्याचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले आणि तेथील पाणपक्ष्यांकडे अभ्यासकांचे व पर्यटकांचे लक्ष गेले, हे योग्यच झाले. परंतु तेथून पूर्वेला असलेल्या माळांवरच्या चंडोल, धाविक, माळटिटवी आणि पखुर्डी यांची नियमित मोजदाद करणारे हात फारच थोडे आहेत. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेल्या जमिनीवर काय जगते, हे आकड्यांत मांडता आले नाही तर त्या जमिनीची बाजू कोणत्याही बैठकीत टिकत नाही. त्यासाठी लागणारी पद्धत येथे दिली आहे. तिला दुर्बीण, वही, मोबाईलमधील जीपीएस आणि पुष्कळ चिकाटी पुरेशी आहे.

काय शोधायचे आहे, ते आधी एका वाक्यात लिहून काढावे. ‘या गायरानावर कोणते पक्षी आहेत’ आणि ‘चराई बंद केलेल्या व चालू असलेल्या माळांवर डोंबारीच्या (चंडोलाच्या कुळातल्या लहान पक्ष्याच्या) संख्येत फरक आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न असून दुसऱ्यासाठी दोन्ही प्रकारच्या माळांवर सारखेच श्रम घ्यावे लागतात. प्रश्न ठरल्यावर नकाशावर चौकोनी जाळी आखावी आणि चिठ्ठ्या टाकून काही चौकोन निवडावेत. प्रत्येक निवडलेल्या चौकोनात एक किलोमीटर लांबीची सरळ रेषा ठरवावी, जिच्यावरून चालत पक्षी मोजायचे, व दोन रेषांमध्ये किमान २५० मीटर अंतर ठेवावे, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जाण्याची शक्यता कमी होते. रेषा गाडीरस्त्याने किंवा ‘तिथे नेहमी पक्षी दिसतात’ अशा जागेवरून नेण्याचा मोह टाळावा. अशा गणनेतून संपूर्ण माळाबद्दल काहीच सांगता येत नाही. ममदापूरसारख्या काळवीट संवर्धन राखीव क्षेत्रात किंवा इतर वनजमिनीवर काम करायचे असल्यास वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि गायरानावर जाताना ग्रामपंचायतीला कळवावे. मेंढपाळांशी पहिल्याच दिवशी बोलावे, कारण पाणी कोठे टिकते आणि वणवा कोणत्या बाजूने येतो याची त्यांच्याइतकी खात्रीची माहिती अन्य कोणाकडे मिळत नाही.

गणना सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन-अडीच तासांत उरकावी. ऊन चढले की चंडोल आणि तिरचिमण्या सावलीला बसतात आणि असूनही दिसत नाहीत. जोराचा वारा, पाऊस किंवा दाट धुके असेल त्या दिवशी काम पुढे ढकलावे. एक किलोमीटर साधारण ४० मिनिटांत, सारख्या वेगाने चालावे. पक्षी दिसताच त्याची जात, संख्या आणि रेषेपासूनचे काटकोनातील अंतर ०-२५, २५-५० व ५०-१०० मीटर अशा पट्ट्यांत लिहावे. माळावर अंतराचा अंदाज फसवा असतो, म्हणून आधी काठ्या रोवून सराव करावा. वरून नुसते उडत जाणारे पक्षी वेगळ्या रकान्यात नोंदवावेत. ज्या रेषेवर काहीच दिसले नाही तिचीही तारीख, वेळ आणि शून्य हा आकडा लिहिलाच पाहिजे. शून्ये गाळली की सरासरी फुगते. हीच यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायची असेल तर ती ‘पूर्ण यादी’ (ओळखलेल्या सर्व जातींची) म्हणून, चाललेले अंतर व लागलेला वेळ यांसह भरावी.

सर्वच पक्षी या रेषांवर नीट मोजले जात नाहीत. पखुर्डी दिवसभर मुरमाच्या रंगात मिसळून बसते, पण सूर्योदयानंतर साधारण दोन तासांनी थव्याने पाण्यावर येते. नर पोटाची पिसे भिजवून पिलांसाठी पाणी नेतो, त्यामुळे उन्हाळ्यात तिला पाणवठ्यावर यावेच लागते. पाणवठ्यापासून दूर, आडोशाला बसून एका ठिकाणी एकाच व्यक्तीने उतरणारे थवे मोजावेत. तालुक्यातील इतर पाणवठ्यांवर त्याच सकाळी दुसरे साथीदार असावेत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दिवसा मैलोन्मैल फिरतात, मात्र संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच रातथाऱ्याला जमतात. मावळतीपूर्वी तासभर आधी दूरवर उभे राहून उतरणारे पक्षी मोजावेत. गवतात शिरून त्यांना उठवू नये आणि टॉर्च मुळीच वापरू नये.

पक्ष्यांइतकीच अधिवासाची नोंद काटेकोर हवी. हौशी गणनेत बहुधा तीच राहून जाते. प्रत्येक रेषेवर दर २०० मीटरला थांबून गवताची उंची काठीने मोजावी आणि उघडी जमीन, गवत व झुडपे यांचे अंदाजे शेकडा प्रमाण लिहावे. प्रमुख गवते ओळखून नोंदवावीत: कुसळी, पवन्या, मारवेल. चराई, वणव्याचे डाग, नांगरट, सलग समतल चर, नवी शेततळी, वीजवाहिन्या, मोकाट कुत्री यांना वेगवेगळे रकाने द्यावेत. त्याच दगडावर उभे राहून त्याच दिशेने दर हंगामात एक छायाचित्र काढावे; पाच वर्षांनी गावकऱ्यांना दाखवायला याहून उपयोगी पुरावा नसतो. धाविक आणि माळटिटवी यांना आखूड गवत व उघडी जमीन लागते, तर भोवत्यांच्या रातथाऱ्याला गुडघाभर गवत हवे. म्हणजे सगळा माळ एकसारखा ‘हिरवा’ करणे हे कोणाच्याच सोयीचे नाही. मोकळ्या गवताळ पट्ट्यात ओळीने गिरीपुष्प लावणे किंवा वेडी बाभूळ पसरू देणे, याला मी संवर्धन म्हणणार नाही.

माळटिटवी आणि धाविक यांची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची असतात. पावसाळ्यापूर्वीच्या विणीच्या महिन्यांत पाऊल पाहून टाकावे, पक्षी ओरडू लागला तर तत्काळ बाजूला व्हावे, कारण माणूस रेंगाळला की मागोमाग कावळे येतात आणि उन्हात उघडी पडलेली अंडी भाजतात. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये व पक्षी बोलावण्यासाठी आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवू नये.

आकडेमोड सोपी ठेवता येते. पाच रेषांवर प्रत्येकी दोनदा चालल्यास एकूण १० किलोमीटर होतात. त्यात २४ डोंबारी दिसले तर दर किलोमीटरला २.४ हा भेटीचा दर होय. त्यासोबत रेषारेषांतील सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडाही द्यावा. अंतराच्या नोंदींवरून प्रत्यक्ष घनता (दर चौरस किलोमीटरला किती पक्षी) काढायची असेल तर एका जातीच्या किमान ६०-८० नोंदी हाताशी असाव्यात. त्यापेक्षा कमी असल्यास भेटीच्या दरावरच थांबावे. विणीच्या काळात गाणारे नर सहज लक्षात येतात, म्हणून मे महिन्याची तुलना जानेवारीशी न करता पुढच्या वर्षीच्या मे महिन्याशीच करावी. कोरड्या प्रदेशात पावसागणिक पक्ष्यांची संख्या वर-खाली होते, तेव्हा महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय आणि चार-पाच वर्षांची माहिती जमल्याशिवाय ‘घट झाली’ असे विधान करू नये. ‘भारतातील पक्ष्यांची सद्यस्थिती’ या २०२३ च्या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतील ६० टक्के जातींत घट आढळली आणि मोकळ्या अधिवासांतील पक्षी विशेष अडचणीत असल्याचे दिसले. आपल्या तालुक्याचे चित्र त्याच्याशी जुळते की नाही, हे स्थानिक रेषाच सांगू शकतील.

ही माहिती गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत यावी, यासाठी जैव विविधता अधिनियम, २००२ नुसार नेमलेल्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला दोन पानांचा मराठी गोषवारा, रेषांचा नकाशा आणि छायाचित्रे द्यावीत. मागणी नेमकी असावी: अमुक गटातील गवताची कापणी बी गळून पडल्यानंतर करावी, तमुक टेकडीवर रोपवन न करता जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत काढलेला पट्टा) आखावी, विणीच्या महिन्यांत माळाचा ठरावीक भाग आळीपाळीने चराईमुक्त ठेवावा. मेंढपाळ कोणत्या महिन्यांत कोठे असतात ते त्यांना विचारूनच हा भाग ठरवावा, नाहीतर ठराव कागदावरच राहतो. मूळ वह्यांची छायाप्रत समितीकडे ठेवावी व रेषांचे अक्षांश-रेखांश तिच्याच नोंदवहीत उतरवून घ्यावेत, म्हणजे पुढची गणना कोणीही त्याच रेषांवरून करू शकेल.