अ‍ॅड्रेनालिन : नव्या इंटर्नसाठी थोडे अनुभवाचे

इंटर्नशिपमधल्या ग्रामीण पोस्टिंगच्या काळात, भातलावणीच्या दिवसांत, सर्पदंशाच्या एका रुग्णाला प्रतिसर्पविषाच्या १० व्हायल सलाइनमधून सुरू केल्यावर थोड्याच वेळात त्याच्या छातीवर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला आणि रक्तदाब उतरू लागला; ही त्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी होती. मी सवयीने एव्हिल (अ‍ॅलर्जीचे औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) भरायला घेतले. सिस्टरांनी मात्र ड्रिप बंद केली, अ‍ॅड्रेनालिनची तपकिरी काचेची अँप्यूल माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आधी हे."

त्यांचेच बरोबर होते. एव्हिलने खाज कमी होते आणि स्टिरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात, पण आक्रसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणे आणि सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वर आणणे ही दोन्ही कामे एकटे अ‍ॅड्रेनालिनच काही मिनिटांत करते. १:१००० तीव्रतेच्या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते; प्रौढाला त्यातले ०.५ मिलिलिटर मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यावे, आणि लहान मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. कातडीखाली दिल्यास तिथल्याच रक्तवाहिन्या आकसून औषध रेंगाळते.

खरी चूक होते ती शिरेच्या बाबतीत. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम शिरेतून देतात, आणि सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे) नुकताच शिकलेला इंटर्न गडबडीत तीच मात्रा नाडी चालू असलेल्या रुग्णाच्या शिरेत सोडतो, ज्यातून हृदयाची लय प्राणघातक रीतीने बिघडू शकते. म्हणून सिरिंज हातात आली की "नाडी आहे का?" असे मी आजही मोठ्याने विचारतो.

दंतवैद्यांच्या बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमध्ये रक्तस्राव कमी करून बधिरता टिकवण्यासाठी आणि क्रूप (स्वरयंत्राजवळ सूज येऊन श्वास अडणे) झालेल्या मुलांच्या नेब्युलायझरमध्येही हेच औषध असते. कोकणात पोस्टिंग असेल तर एक उलटा प्रकारही दिसेल : लाल विंचवाच्या दंशात रुग्णाच्या शरीरातच अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, आणि तिथे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुळवलेले प्राझोसिन, म्हणजे नेमके विरुद्ध काम करणारे औषध, जीव वाचवते.

आमच्या रुग्णाला ५ मिनिटांनी दुसरा डोस लागला. बरे वाटताच तो उठून बसू लागला, तेव्हा सिस्टरांनी त्याला पुन्हा आडवे करून पायांखाली उशी सरकवली, कारण अशा वेळी एकदम उठल्याने रक्तदाब पुन्हा कोसळू शकतो. गांधी मावळल्यावर प्रतिसर्पविषाची ड्रिप आम्ही हळूहळू पुन्हा चालू केली.