ॲटमायझरची कॉइल वळण्यापूर्वी

मागच्या हिवाळ्यात इथे इंग्लंडमध्ये मी ई-सिगारेटच्या ॲटमायझरमध्ये, म्हणजे द्रव तापवून वाफ करणाऱ्या भागात, पहिल्यांदा स्वतः वळलेली कॉइल (तापणाऱ्या तारेचे वेटोळे) बसवली आणि बटण दाबताच बॅटरी हातात धरवेना इतकी तापली. उपकरण यांत्रिक होते, म्हणजे आत विद्युतप्रवाह तोडणारे कोणतेही संरक्षक सर्किट नव्हते; बोट वेळेवर उचलले गेले म्हणून निभावले. चूक एकच होती: ॲटमायझरचे टोपण बसवल्यानंतर मी रोध मोजला नव्हता.

पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि द्रव शोषून कॉइलपर्यंत नेणारा कापूस लागतो, हे सांगायला नको. तार कांथल ए-1 या लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियम मिश्रधातूची, 26 गेजची, म्हणजे सुमारे 0.4 मिलिमीटर जाडीची घ्यावी. निकेल किंवा टायटॅनियमची तार केवळ तापमान नियंत्रण असलेल्या उपकरणासाठी असते, त्यामुळे नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. 3 मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे घेतले की रोध साधारण 0.8 ओहम भरतो, आणि पूर्ण चार्ज झालेल्या 4.2 व्होल्टच्या बॅटरीतून सव्वापाच अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. बॅटरीचे वरचे प्लास्टिक वेष्टन जरासे जरी फाटलेले असेल, तरी ती बॅटरी वापरू नका. चिमटा सिरॅमिकचाच हवा, कारण तापलेले वेढे दाबून जुळवताना धातूचा चिमटा स्वतःच शॉर्ट सर्किट घडवतो.

रोधमापक मात्र उसना आणण्याची वस्तू नव्हे. तो विकत घेऊन टेबलावर समोर ठेवा. स्क्रू आवळून कॉइल बसवली की पहिल्यांदा मोजा. मीही तेवढे केले होते आणि आकडा अगदी बरोबर आला होता; पण स्क्रूबाहेर उरलेले तारेचे टोक मी पुरेसे कापले नव्हते, आणि टोपण चढवताच धन बाजूचे ते टोक टोपणाच्या आतल्या धातूला टेकले. उघड्या ॲटमायझरवर मोजलेला आकडा हा दोष दाखवूच शकत नाही. म्हणून टोके स्क्रूच्या अगदी कडेशी कापा, टोपण चढवा आणि पुन्हा मोजा. कापूस भरल्यावर टोपण परत लावाल तेव्हा तिसऱ्यांदा मोजा, कारण कापूस सरकवताना कॉइलही सरकते. आकडा एकदम घसरला किंवा स्थिर राहत नसेल, तर बॅटरीला हात न लावता सगळे उघडा. टोपणासह मोजल्याशिवाय बॅटरी आत घालायचीच नाही.

कॉइल तापवून पाहताना लाली मधल्या वेढ्यापासून कडांकडे सरकली पाहिजे. एखादाच वेढा आधी लाल झाला, तर वेढे दाबून सारखे करावेत. कापूस कॉइलमधून ओढताना किंचित अडला पाहिजे, पण कॉइल वाकता कामा नये. तो द्रवात पूर्ण भिजेपर्यंत बटण दाबू नका. कोरडा कापूस जळतो.

बाकी द्रव भरणे, पाच-दहा मिनिटे थांबणे, एवढेच. भारतात सुट्टीला जाताना हा संच इथेच ठेवा. तिथे 2019 पासून ई-सिगारेटच्या आयातीवर बंदी आहे.