कोड बरोबर, तरी ४०४: स्प्रिंग बूट नव्यानं हातात घेणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं व्हीटीयू विद्यापीठाची डिग्री घेऊन पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात आणि स्प्रिंग बूटच्या प्रोजेक्टवर पडतात. जावा येतं असं धरूनच लिहितोय.

स्प्रिंग बूट म्हणजे जावात वेब ॲप लिहायचं फ्रेमवर्क. ते २०१४ साली आलं, एक्सएमएल सेटिंग्जच्या भेंडोळ्यांना वैतागलेल्यांसाठी. ठरल्या जागी, ठरल्या नावानं ठेवा, जोडणी फ्रेमवर्क करतं. पोर्ट ८०८०, सेटिंग्ज ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीजमध्ये. इथवर कुणी अडत नाही.

अडतात पॅकेजपाशी. मीही तिथंच अडकलेलो, म्हणून कुणी कंट्रोलरचा, म्हणजे यूआरएलला उत्तर देणाऱ्या क्लासचा, स्क्रीनशॉट पाठवला की आधी वरची पॅकेजची ओळ बघतो. ज्या मेन क्लासवर 'ॲट स्प्रिंगबूटॲप्लिकेशन' हे ॲनोटेशन आहे, त्याच्या पॅकेजपासून खाली बूटचा शोध चालतो. खाली म्हणजे खालीच, शेजारी नाही. मेन क्लास 'कॉम डॉट दुकान डॉट ॲप'मध्ये आणि कंट्रोलर 'कॉम डॉट दुकान डॉट वेब'मध्ये, तर बूटच्या लेखी तो कंट्रोलर नाहीच. बेळगावच्या गणपत गल्लीत दारोदार हाका मारून माणूस परत गेला, तुम्ही टिळकवाडीत वाट बघत बसलाय. कंपाइल होतं, सर्व्हर चढतो, लॉगमध्ये एरर नाही, ब्राउझरमध्ये फक्त व्हाइटलेबल पेज, म्हणजे बूटचं ठरलेलं एरर पान, त्यावर ४०४: पान सापडलं नाही. मग यूआरएल बदला, मेव्हन क्लीन मारा, लॅपटॉप रीस्टार्ट करा... काही होत नाही!

नेटवर लगेच तोडगा मिळतो, त्याच ॲनोटेशनमध्ये 'स्कॅनबेसपॅकेजेस' लिहून शोधायची पॅकेजेस सांगा. लिहू नका. कंट्रोलर सापडेल, पण जेपीएच्या, म्हणजे डेटाबेसच्या कामाच्या, एंटिटी आणि रिपॉझिटरी बूट मेन क्लासच्याच पॅकेजखाली शोधत राहतं. मग रिपॉझिटरीचं बीन (फ्रेमवर्कनं बनवून ठेवलेला ऑब्जेक्ट) नाही म्हणून ॲप चढतच नाही. त्यावर 'एंटिटीस्कॅन', त्यावर 'एनेबलजेपीएरिपॉझिटरीज', अशी आणखी ॲनोटेशनं. म्हणजे एक्सएमएल मागच्या दारानं घरात. मेन क्लास एक पायरी वर, 'कॉम डॉट दुकान'मध्ये न्या, बस्स. पॅकेजची ओळच काढून टाकायची हुशारी मात्र नको, मग बूट सगळ्या जार फाइली चाळायला लागतं.

स्ट्रट्स २ या जुन्या जावा फ्रेमवर्कवर टाकलं तरी घाबरायचं कारण नाही. त्याचं कन्व्हेन्शन प्लगइनही नावंच बघतं: पॅकेज 'ॲक्शन' किंवा 'ॲक्शन्स', क्लासच्या शेवटी 'ॲक्शन', जेएसपी 'वेब-इन्फ'मधल्या 'कंटेंट' फोल्डरमध्ये.

"ॲनोटेशन टाक, चालतंय की" म्हणणाऱ्या सरांपेक्षा "लॉग वाचून दाखव" म्हणणारा खडूस सीनियर कधीही बरा. तुमचा माउस हातात घेऊन दुरुस्त करणाऱ्यापासून तर लांबच राहा.

मराठी शाळेतून आलेल्यांना तो इंग्रजी लॉग बघून दडपण येतं, येऊ दे. प्रॉपर्टीजमध्ये 'डीबग इज इक्वल टू ट्रू' लिहिलं की कोणतं ऑटो-कॉन्फिगरेशन (बूटनं आपणहून केलेली जोडणी) लागलं, कोणतं का लागलं नाही, याचा रिपोर्ट छापून येतो. वाक्यं तीच तीच असतात, दोन-तीनदा वाचली की कळतात. कंट्रोलर त्यात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ॲक्च्युएटर (चालू ॲपची आतली माहिती दाखवणारा बूटचा भाग) घाला, 'मॅपिंग्ज' एंडपॉइंट उघडा करा आणि तुमची यूआरएल तिथं आहे का बघा. नसेल तर कोडला हात लावू नका, पॅकेज बघा.