भाकरी थापताना मन हातांशी ठेवण्याचा सराव

सजगतेचा सराव स्वयंपाकघरात करायचा असेल, तर ज्वारीच्या भाकरीपासून सुरुवात करावी. कारण या पिठात ग्लुटेन नसल्याने लक्ष जरा हटले तरी कडा चिरतात आणि चूक तत्काळ दिसते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. परातीत एका भाकरीपुरतेच पीठ घेऊन त्यात थोडे थोडे गरम पाणी घालावे आणि तळहाताने रगडून मळताना पिठाचा खरखरीतपणा जाऊन गोळा मऊ कसा होत जातो, एवढेच अनुभवावे. (पीठ जुने असून त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, गेली असेल, तर एकाग्रतेचाही उपयोग होत नाही.) थापताना मन भरकटल्यास स्वतःला दोष न देता लक्ष पुन्हा बोटांखालच्या कडेवर आणावे. तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाणी फिरवल्यानंतर ते सुकत येईपर्यंत नजर तिच्यावरच ठेवावी. मग उलटून ती बाजू नीट शेकावी आणि शेवटी पहिली बाजू थेट आचेवर धरून भाकरी फुगताना पाहावी. जेवताना पहिला घास पिठल्याशिवाय घ्यावा आणि लाळेमुळे पिष्टाची साखर होऊन ज्वारीचा मंद गोडवा जिभेला जाणवेपर्यंत सावकाश चावावा.