अंथरुणावरच्या माणसासाठी हलक्या स्पर्शाची बेल

पक्षाघातानंतर बोटांत जोर राहत नाही, मग वायरलेस डोअरबेलचं बारकं बटण दाबता येत नाही. त्याला लांब पट्टीचा मायक्रोस्विच, म्हणजे पट्टी किंचित दाबली तरी चालू होणारा छोटा स्विच, जोडा. पट्टी जितकी लांब, तितका जोर कमी लागतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो.

१. बेलच्या रिमोटमधला सेल काढा, रिमोट उघडा.

२. आतल्या बटणाला बहुधा चार पाय असतात आणि त्यांतले दोन-दोन आतून जोडलेलेच असतात. कोणते, ते शोधत बसू नका. तिरके समोरासमोरचे दोन पाय धरा आणि त्यांना वायरी सोल्डर करा.

३. दुसरी टोकं मायक्रोस्विचच्या ‘कॉम’ (सामाईक टोक) आणि ‘एनओ’ला (पट्टी दाबल्यावरच ‘कॉम’शी जुळणारं टोक) जोडा. ‘एनसी’ला (न दाबताही ‘कॉम’शी जुळलेलं टोक) लावलीत तर बटण कायम दाबल्यासारखं राहील.

वायर ओढली गेली की सोल्डर निघतं, म्हणून रिमोटच्या आतच तिला गाठ मारा.

स्विच कुठे बसवायचा हे त्या माणसालाच विचारा, घरच्यांनी परस्पर ठरवू नये. कित्येकदा हातापेक्षा गाल किंवा कोपर सोयीचं पडतं. जागा पक्की होईपर्यंत चिकटपट्टीच पुरे.

प्लगमध्ये बसणारा बेलचा भाग मात्र उघडू नका. तिथे २३० व्होल्टचा पुरवठा असतो.