रॅम्पवरचा कपडा उसवून बघताना

दहावीची परीक्षा तोंडावर आली होती तेव्हा, जानेवारी 2020 मध्ये, मी मोबाइलवर राहुल मिश्रांचा पॅरिसमधला शो पाहिला. पॅरिसच्या ओत कुत्यूर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापानं हातानं शिवलेल्या कपड्यांच्या, सप्ताहात शो करायचं निमंत्रण मिळालेले ते पहिले भारतीय डिझायनर. भरतकामातून पानं, फुलं, प्राणी कापडावरून उठून आल्यासारखे दिसत होते. आमच्या घराच्या भिंतीपलीकडे माग चालतात. इचलकरंजीत वाढलेल्या कुणालाही कापड नवं नसतं. पण आमच्याकडे कापड म्हणजे मीटरवर मोजायची, तागे बांधून टेम्पोत भरायची गोष्ट. त्याच धाग्याचं असंही काही होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही.

त्यानंतर मी दिसेल तो शो पाहत गेले. आता मी फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि गावाकडची बारावीतली मुलं-मुली मला विचारतात, ‘ताई, आम्हालाही रॅम्पचं वेड आहे, सगळे शो बघतो, पुढं काय करायचं?’ त्यांच्यासाठी हे लिहितेय. हे वेड वाया जात नाही. फक्त ते डोळ्यांतून हातात उतरावं लागतं, आणि ते कसं उतरतं हे मला कॉलेजात जायच्या आधीच आत्यानं शिकवलं.

आत्या ब्लाउज शिवते. अकरावीत असताना मी तिला दिऑरच्या ‘बार’ जॅकेटचा फोटो दाखवला. 12 फेब्रुवारी 1947 ला ख्रिस्तियान दिऑरनं पॅरिसमध्ये पहिला संग्रह दाखवला, त्यातलं हे जॅकेट. उतरते गोल खांदे, मुठीत मावेल अशी कंबर आणि कंबरेखाली फुगून बाहेर आलेला घेर. खाली भरपूर चुण्यांचा काळा स्कर्ट. युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती, ब्रिटनमध्ये तर कपड्यांचं रेशनिंग 1949 पर्यंत चाललं. अशा काळात एका स्कर्टला इतकं कापड! कुणी हरखून गेलं, कुणी भडकलं. हे सगळं मला पाठ होतं. मी मांजरपाट आणला, फोटो बघून बेतला आणि टिपा मारल्या. घातल्यावर कंबरेखालचा घेर ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

आत्यानं फोटो पुन्हा मागितला. बोटांनी मोठा करून कंबरेपाशी बघत राहिली. म्हणाली, ‘‘कापड आपणहून असं उभं ऱ्हातंय व्हय गं? आत काय घातलंय ते बघ आधी.’’ मग तिनं काकांचा लग्नातला जुना कोट ट्रंकेतून काढला आणि माझ्या हातात ब्लेड दिलं. मी अस्तर उसवलं. आत छातीवर कॅनव्हासचा जाड थर होता, आणि तो बाहेरच्या कापडाला शेकडो बारीक तिरक्या टाक्यांनी धरून ठेवलेला. ते टाके बाहेरून कुठेच दिसत नव्हते. कॉलरच्या घडीपाशी टाके जवळजवळ होते, छातीकडे विरळ होत गेलेले. शिंप्यानं हातातच कापडाला गोलाई देत देत ते घातले होते. खांद्यात कापसाची गादी होती, तीही कडेला निमुळती.

दिऑरच्या जॅकेटमध्येही कंबरेखाली अशीच गादी भरलेली होती, हे मी नंतर वाचलं. आत्यानं मात्र ते फोटोवरूनच ओळखलं होतं. दुसऱ्या खेपेला आम्ही घेराला बकरम, म्हणजे आतून लावायचं ताठ कापड, लावलं, कंबरेला टक्स वाढवले, आणि मांजरपाट खरंच उभा राहिला. तो तुकडा आजही माझ्या कपाटात आहे.

तेव्हापासून मी शो बघते तो असा. पन्नास-साठ लुकमधला, म्हणजे रॅम्पवर आलेल्या पोशाखांतला, एकच निवडायचा. समोरून, बाजूने आणि मागून त्याचे फोटो काढून ठेवायचे. व्होग मासिकाच्या ‘व्होग रनवे’ या वेबसाइटवर एकेका शोचे सगळे लुक क्रमांकासह मिळतात आणि बहुतेक मोठे ब्रँड आपले शो यूट्यूबवर थेट दाखवतात, त्यामुळे फारसा पैसा लागत नाही. मग वहीत तीन गोष्टी लिहायच्या: उभा धागा कुठल्या दिशेनं धावतोय, सांधे कुठं आहेत, आणि आत काय असेल. मॉडेल चालताना कापड पायांमागं राहतं की पायांबरोबर येतं, यावरून वजन कळतं. जुने कपडे बघायचे असतील तर लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कचं मेट, दोन्ही संग्रहालयांनी आपापल्या संग्रहातले कपडे ऑनलाइन ठेवलेत. पाठीमागचा फोटो दिला असेल तर तो आधी बघा. पुढची बाजू मिरवण्यासाठी असते, रचना पाठीवर सापडते.

धाग्याच्या दिशेचं एक सांगते, कारण कॉलेजात पहिल्या वर्षी सगळेच इथं अडतात. ब्लाउजच्या गळ्याला लावायची पट्टी आत्या नेहमी उरेप कापते, म्हणजे ताणा (उभा धागा) आणि बाणा (आडवा धागा) दोघांनाही तिरकी, 45 अंशात. तशी कापली की कापड ताणलं जातं आणि गोल गळ्यावर सुरकुती न पडता बसतं. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने या बाईंनी 1920-30 च्या दशकांत पट्टीच नव्हे, अख्खा गाऊन उरेप बेतला. कापड अंगावरून पाण्यासारखं उतरायला लागलं. मागाच्या गावातली मुलगी असून ताणा-बाणा मला फक्त विणण्यापुरताच माहीत होता. तोच धागा कपड्याचा आकारही ठरवतो, हे उमगलं त्या दिवशी मी आत्याच्या पेटीतल्या सगळ्या चिंध्या ओढून-ताणून बघितल्या. तुम्हीही बघा. रुमाल घ्या, आधी सरळ ओढा, मग कोपऱ्यांनी ओढा.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. निफ्ट (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) ही केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची संस्था, 1986 साली दिल्लीत सुरू झालेली. मुंबईचा कॅम्पस खारघरला आहे. बी.डेस. ही डिझाइनची पदवी चार वर्षांची, बारावी कुठल्याही शाखेतून चालते. निवडीत सर्जनशीलता चाचणीला 50 टक्के, सामान्य क्षमता चाचणीला 30 टक्के आणि सिच्युएशन टेस्टला 20 टक्के वजन असतं. नियम बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर राहू नका. सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या साहित्यातून समोरच्या विषयावर वस्तू उभी करायची असते. ज्यानं घरी पुठ्ठा, तार, कापड हाताळलंय त्याला तिथं घाबरायचं कारण नाही. चित्रकला बेताचीच असलेले माझे दोन मित्र याच जोरावर पुढे गेले. फीचा आकडा मोठा आहे, तेव्हा सवलती आणि शिष्यवृत्तीची चौकशी अर्ज भरतानाच करा, प्रवेश मिळाल्यावर धावपळ करू नका. आणि हाच एक रस्ता आहे असंही नाही. आयटीआयचा ड्रेस मेकिंगचा कोर्स आहे, कापडाच्याच डिझाइनमध्ये जायचं असेल तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये टेक्स्टाइल डिझाइन आहे, आमच्या इचलकरंजीत डीकेटीई हे वस्त्रोद्योगाचं अभियांत्रिकी कॉलेज आहे. आयटीआयमधून आलेल्या एका मुलीची टीप माझ्यापेक्षा कितीतरी सरळ येते, आणि कारखान्यात तिला पहिल्या दिवसापासून मान असतो.

घरच्यांचा एक प्रश्न तुम्हालाही ऐकावा लागणार: ‘असले कपडे घालतं कोण?’ त्याचं नीट उत्तर द्या, चिडू नका. ओत कुत्यूर हा शब्द फ्रान्समध्ये 1945 पासून कायद्यानं राखून ठेवलेला आहे. कुणालाही आपल्या दुकानावर तो लिहिता येत नाही. गिऱ्हाइकाच्या मापानं, हातानं, पॅरिसमधल्या स्वतःच्या कार्यशाळेत शिवायचं, अशा त्याच्या अटी. घालणारे थोडेच असतात. पण ते शिवताना जे तंत्र सापडतं ते पुढे सगळीकडे झिरपतं. काही शो तर घालण्यासाठी नसतातच. सप्टेंबर 1998 मध्ये लंडनला अलेक्झांडर मॅक्वीन या डिझायनरच्या शोच्या शेवटी शॅलोम हार्लो ही मॉडेल पांढऱ्या पोशाखात फिरत्या चकतीवर उभी होती आणि दोन यंत्रमानवांनी तिच्यावर काळा-पिवळा रंग उडवला. मी ती चित्रफीत वडिलांना दाखवली. मागावर आयुष्य गेलेला माणूस. यंत्राचा हात माणसाच्या इतक्या जवळ आलेला बघून ते बराच वेळ गप्प होते. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

पहिल्या वर्षात असताना, 30 मार्च 2023 ला, दिऑरचा शो गेटवे ऑफ इंडियासमोर झाला. मी नवी मुंबईत होस्टेलच्या खाटेवर बसून मोबाइलवरच पाहिला. मारिया ग्रात्सिया क्युरी तेव्हा दिऑरच्या महिला संग्रहांच्या प्रमुख होत्या, आणि भरतकाम मुंबईच्या चाणक्य या कार्यशाळेचं. गेटवेच्या कमानीला भलंमोठं तोरण बांधलेलं, दारावर बांधतो तसंच. मुंबईत भरलेला कपडा पॅरिसच्या नावानं जगभर जातो हे वर्षानुवर्षं चालू होतं. त्या रात्री भरणाऱ्या हातांचं नाव उघडपणे घेतलं गेलं, याचा मला फार आनंद झाला.

म्हणून इंटर्नशिपसाठी मी डिझायनरचं ऑफिस न शोधता भरतकामाची कार्यशाळा शोधली. मुंबईत अशा बऱ्याच आहेत आणि तुम्हालाही मी हेच सुचवेन. अड्डा म्हणजे लाकडी चौकट, तिच्यावर कापड ताणलेलं, कडेनं कारागीर मांडी घालून बसलेले. नक्षी आधी ट्रेसिंग पेपरवर काढायची, मग सुईनं रेघेवर बारीक भोकं पाडायची. हा झाला खाका. तो कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी भुकटी फडक्यानं पुसली की नक्षी ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरते. मग आरीची, म्हणजे टोकाला आकडा असलेली, सुई. एक हात वरून सुई चालवतो, दुसरा कापडाखालून धागा पुरवतो, आणि खालच्या हाताकडे कुणी बघतसुद्धा नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी गळ्याच्या नक्षीचा खाका केला. फुलं मोजून-मापून, गळ्याच्या रेघेला भिडवून. अड्ड्यावरच्या एका ज्येष्ठ कारागिरानं, सगळे त्यांना चाचा म्हणत, तो उचलला, उजेडाला धरला आणि चाचा म्हणाले, ‘‘बेटा, गला सिलेगा तो फूल आधा अंदर चला जाएगा.’’ मी शिलाईला माया, म्हणजे शिलाईत जाणारी जादा कड, सोडलीच नव्हती. कडेच्या सगळ्या फुलांचा अर्धा भाग शिलाईत गेला असता. रात्री बसून पूर्ण खाका पुन्हा टोचला. कागदावर सुंदर दिसणारी नक्षी कपड्यावर कुठं संपते, हे मी त्यानंतर कधी विसरले नाही. कार्यशाळेत जाल तेव्हा कारागिरांना नावानं आणि मानानं हाक मारा, त्यांच्या जेवणाच्या वेळेत काम पुढं करू नका, आणि त्यांच्या हातचा नमुना आपल्या पोर्टफोलिओत लावताना तो कुणी भरला ते लिहा.

हे शेवटचं मी आग्रहानं सांगते, कारण जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन ब्रँडच्या पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालेली ही चप्पल. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, कान, अंगठा, वेणी, चपलेचे सगळे भाग हातानं केलेले. आमच्या जिल्ह्यात संताप उसळला. मलाही राग आला, पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट मनात आली: मी इतके शो बघितले, आणि घरातल्या चपलेचा कान कसा शिवतात ते मला सांगता येत नव्हतं. सुट्टीत कोल्हापूरला जाऊन एका कारागिराजवळ दोन दिवस बसले. चामड्याच्याच वादीनं शिवण घालतात, खिळा नाही. पुढे प्राडानं मूळ मान्य केलं, आणि डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्या कारागिरांकडून चपला करून घ्यायचं ठरवलं. आवाज उठवला म्हणून हे झालं. माझ्या पदवीच्या प्रकल्पात मी त्या वेणीचीच गुंफण मांजरपाटाच्या पट्ट्यांनी बाहीवर करतेय, आणि खाली त्या कारागिराच्या संमतीनं त्यांच्या कामाचा उल्लेख आहे.

राहिलं वेळापत्रक. तयार कपड्यांचे शो वर्षातून दोनदा, फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस या क्रमानं. सप्टेंबरात दिसतं ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचं असतं, दुकानांना खरेदी आणि शिवणकामाला वेळ मिळावा म्हणून. पुरुषांचे शो जानेवारी आणि जूनमध्ये. कुत्यूर जानेवारी आणि जुलैत. जुलैचे शो सुरू व्हायच्या आधी दोन मीटर मांजरपाट, टाचण्या आणि खडू आणून ठेवा. मांजरपाट आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या इस्त्रीलाच तो आटतो आणि माप चुकतं.