भर वरातीत आवाज का जातो? फिरत्या डीजेंनो, या चुका टाळा

‘ओ डीजेवाले, आवाज गेला!’ ही आरोळी ऐकली की तेरा वर्षांनंतरही माझ्या पोटात गोळा येतो. दुसरी नोकरी नाही, शेती भावाकडे. घर चालतं ते या स्पीकरांवर. आवाज जातो रात्री नऊ वाजता, पण त्याचं कारण बहुतेक वेळा दुपारी चार वाजता तयार झालेलं असतं. कधी कधी तर महिनाभर आधी, कार्यक्रमाची सुपारी घेताना फोनवरच.

लाईट आहे म्हटल्यावर पिन लावली

सगळ्यात महागडी चूक हीच. मांडववाला बोर्ड दाखवतो, बल्ब पेटलेला असतो, आपण बोर्डात पिन घालतो आणि ॲम्प्लिफायर चालू करतो. एका हळदीला मी हेच केलं. सगळं छान चाललं होतं. साडेसातला मांडवातले हॅलोजन, कूलर, कॉफीचं मशिन सगळं एकदम सुरू झालं, कुठेतरी न्यूट्रल (करंटची परतीची तार) सैल होता तो सुटला, आणि माझे दोन ॲम्प्लिफायर व मिक्सरचा अडॅप्टर धूर सोडून मोकळे झाले. थ्री फेजमध्ये न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या सामानावर लोडच्या वाटणीप्रमाणे कितीही दाब येतो, अगदी ४०० च्या आसपाससुद्धा. यजमान म्हणाले, ‘बल्ब तर लागलेत की!’ काही लागले होते खरे, नेहमीपेक्षा जरा जास्तच पांढरे.

तेव्हापासून नियम केला: खिशात मल्टीमीटर. फेज ते न्यूट्रल २२० ते २४० दिसलं पाहिजे, न्यूट्रल ते अर्थिंग एक-दोन व्होल्टच्या वर जाता कामा नये. हे मोजमाप मोकळ्या बोर्डावर एकदा आणि मांडवातले सगळे दिवे-पंखे लावून पुन्हा एकदा. सैल न्यूट्रल लोड आल्याशिवाय आपलं तोंड दाखवत नाही. टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं. न्यूट्रलचं त्याला काही ठाऊक नसतं.

जनरेटरचंही तसंच. लाईट जाते, जनरेटरवाला चेंजओव्हर (लाईटवरून जनरेटरवर नेणारा खटका) मारतो, आणि चालू ठेवलेले ॲम्प्लिफायर स्पीकरांना असा दणका देतात की पहिल्या रांगेतली आजी दचकते. लाईट गेली की आधी ॲम्प्लिफायर बंद करा. जनरेटर स्थिर झाल्यावर मिक्सर, मग शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना उलटा क्रम. लॅपटॉप आणि मिक्सर छोट्या यूपीएसवर ठेवले तर गाणं पहिल्यापासून शोधत बसावं लागत नाही.

आणि स्पीकरमधून येणारा तो ‘घूंऽऽ’ आवाज? लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंग मिळतंय. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, म्हणजे आवाज जातो पण अर्थिंगची वाट तुटते. थ्री पिनची अर्थिंगची जाड पिन मोडून हा आवाज घालवणारे महाभाग मी पाहिलेत. ओल्या मांडवात, अनवाणी पोरांच्या गर्दीत ती पिन मोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

‘अजून वाढव’ म्हटलं की वाढवला

आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात स्पीकरच्या भिंतीला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. डॉल्बी कंपनीचा त्या भिंतीशी काडीचा संबंध नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. या डॉल्बीसमोर नवरदेवाचे मित्र येतात आणि बोटाने वर, वर असं दाखवतात. आपण मिक्सरचे दिवे लालमध्ये नेतो. क्लिप झालेली, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन शेंडा कापला गेलेली आवाजाची लाट सपाट होते, तिच्यातली ताकद वाढते, आणि त्यातला वरच्या पट्टीचा भाग थेट हॉर्नच्या ड्रायव्हरवर, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या भागावर जातो. बेस ठणकत राहतो, म्हणून आपल्याला कळतही नाही. दुसऱ्या दिवशी गोदामात कान लावला की कळतं, दोन टॉप (बेस सोडून बाकीचे स्पीकर) मुके झाले.

मुळात वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबलने, म्हणजे कानाला जेमतेम कळेल एवढा. उलट अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत सहा डेसिबल कमी. म्हणून आवाज पोचत नसेल तर बटण नंतर, आधी टॉप डोक्यांच्या वर उचला. माणसं आवाज पितात. रिकाम्या हॉलमध्ये दुपारी कान फाडणारा सेटअप रात्री पाचशे माणसांत मऊ वाटतो, हे धरूनच दुपारी आवाज वाढवायला जागा शिल्लक ठेवा. एका ॲम्प्लिफायरच्या चॅनलला किती स्पीकर जोडलेत तेही मोजा. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला अडथळा; तो कमी झाला की ॲम्प्लिफायरवर ताण वाढतो. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम, चार जोडले की २. तुमचा ॲम्प्लिफायर ४ पर्यंतचाच असेल तर तो तापून बंद पडणार, आणि नेमका वरात दारात आल्यावर पडणार.

सावधान ऐकलं आणि वाजवलं

हॉलवाले हल्ली वाजंत्रीचं कामही डीजेकडेच देतात. नवा पोरगा ‘सावधान’ ऐकतो आणि सनई-चौघडा सोडतो. अरे बाबा, प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ येतं! पहिल्याच कडव्याला वाजवलं तर गुरुजी असे बघतात की मिक्सरमागे लपावंसं वाटतं. कानांवर नाही, अंतरपाटावर नजर ठेवा. तो खाली आला की वाजवा. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी गुरुजींना गाठून ‘किती कडवी आहेत, आणि मावशी-आत्या कोणी म्हणणार आहेत का’ एवढं विचारून घेतलं की काम होतं. आत्या बहुधा असतेच.

तिच्या हातात माईक गेला की शिट्टी ठरलेली. जाळीभोवती मूठ आवळली की माईक सगळीकडचा आवाज घ्यायला लागतो. पटकन फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली घ्या, आत्याला स्पीकरच्या मागे उभं करा आणि माईक खालून धरायला सांगा. ‘आत्या, आईस्क्रीमचा कोन धरतात तसा’ म्हटलं की समजतं. वायरलेस माईकच्या बॅटऱ्या दर सुपारीला नव्या. जुन्या घरी घड्याळात घाला. उखाण्यात नवरीने नाव घ्यायच्या नेमक्या क्षणी माईक मेला, तर लोक लग्नातलं जेवण विसरतील, हे विसरणार नाहीत.

गाणी आहेत हो फोनमध्ये

तळघरातल्या हॉलमध्ये नेटवर्क नसतं, म्हणून इंटरनेटवरून वाजवण्याच्या भरवशावर राहू नका. व्हिडिओवरून उतरवलेलं गाणं इअरफोनवर बरं वाटतं, १८ इंची बेसवर त्याची हाडं दिसतात. ३२० केबीपीएसच्या फाइली विकत घ्या. पेनड्राइव्ह दोन, तेही एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेले; जुनी प्लेअर मशिन्स दुसरं काही वाचत नाहीत. लॅपटॉपचे अपडेट आदल्या रात्री करून घ्या आणि कार्यक्रमात ते बंद ठेवा.

कोळीगीतं आणि हलगीच्या ठेक्यावरची बरीच गाणी सहाच्या चालीत डुलतात. सॉफ्टवेअर त्यांना चारच्या चौकटीत कोंबतं आणि बीपीएम (मिनिटाला किती ठोके) दीडपट नाहीतर दोन-तृतीयांश दाखवतं. दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सिंक बटण दाबलं की दोन गाणी भांडायला लागतात आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. अशा गाण्यांचा बीटग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या रेषा, हाताने नीट करा. नाहीतर सरळ शेवटच्या ठोक्यावर तोडा आणि नवं गाणं चालू करा. गावाकडच्या लोकांना मऊ मिक्सपेक्षा हा तोडच आवडतो, असं माझं मत.

विसार न घेता तारीख धरली

फोनवर ‘पक्कं समजा’ हे पक्कं नसतं. विसार हातात आला की तारीख पक्की. व्हॉट्सॲपवर चार ओळी टाका: किती तास, जनरेटर कोणाचा, टेम्पो कुठवर येतो, परवानगी कोणी काढायची.

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत आणि त्यांत रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस जाहीर केलेले सण असतात. तुमच्या यजमानाचा मुलगा त्यात बसत नाही. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, दवाखाना-शाळा-कोर्टाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतात. पोलीस आले की यजमान आत जातात आणि जप्त होतं आपलं सामान. म्हणून पावणेदहाला शेवटचं गाणं जाहीर करतो. दहाला एक मिनिट असताना भांडण्यापेक्षा ते सोपं.

लग्नातल्या वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ३१ डिसेंबरच्या रिसॉर्टमधल्या पार्टीला ती नाही. तिथे लायसन्स आयोजकाने काढायचं, हे आधीच लिहून घ्या.

पंचांगही बघा. २०२३ चा अधिक महिना श्रावणात आला, चातुर्मासात तसंही लग्न नसतं, कोणाला जाणवलं नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन हंगामाच्या पोटात. टेम्पोचा हप्ता ठरवताना हा महिना धरला नाही, तर जूनमध्ये सावकार आठवतो.

लेझर आणि कान

लेझर गर्दीच्या डोळ्यांच्या पातळीवर सोडू नका. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर लोकांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या. कॅमेऱ्याचा सेन्सरही त्याने जळतो, आणि फोटोवाला आपला रोजचा सोबती.

कानांचं गणित साधं आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला उरतात १५ मिनिटं. मी बाविसाव्या वर्षी कानात काही घालत नव्हतो. आता रात्री घर शांत झालं की डाव्या कानात एक बारीक शिट्टी चालू असते, तिला फेडर नाही.

घाईत पेटी बांधली

रात्री दीड वाजता हॉलचा वॉचमन किल्ली वाजवत उभा असतो, पोरं पेंगतात, केबली गुंडाळायच्या ऐवजी कोंबल्या जातात. पुढच्या सुपारीला त्यातलीच एक आतून तुटलेली निघते. केबल कोपराभोवती आवळू नका. एक वेढा सरळ, एक उलटा घ्या. आमच्या पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवली आहे आणि ती वाचायचं काम टेम्पोच्या ड्रायव्हरकडे. तो दुपारभर झोपलेला असतो, त्यामुळे त्या वेळी शुद्धीवर असलेला तो एकटाच. गेल्या हंगामात त्याने हॉलच्या पायरीवरून दोन माईक आणि एक नवरदेवाचा फेटा परत आणला.